एअर रायफलचा छर्रा: निवडायचा, जपायचा, भरायचा

रायफल क्लबची असली तरी छर्रे स्वतःचे घ्या. मी चाळिशीत शिकायला लागले तेव्हा मिळेल तो डबा उचलायचे आणि गोळी भरकटली की हाताला दोष द्यायचे.

१० मीटरच्या कागदी लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे छर्रा ४.५ मिलिमीटरचा, सपाट डोक्याचाच हवा. तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे दिसतील, तो डोक्याचा व्यास. कुठला चांगला, हे तुमची नळीच ठरवते. दोन-तीन प्रकार आणा, रायफल टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच झाडा. ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील, तो तुमचा.

छर्रा शिशाचा, आणि शिसं फार मऊ. माझा एक डबा स्कुटीच्या डिकीत राहिला, नागपुरात सीताबर्डी ते मानकापूर खड्ड्यांतून आदळत गेला आणि निम्म्या छर्‍यांच्या कडा चेपल्या. तेव्हापासून डबा पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. भरण्याआधी प्रत्येक छर्‍याची मागची पोकळ कड उजेडात बघते. चेपलेला दिसला की बाजूला.

भरताना नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर. सपाट डोकं पुढे, पोकळ बाजू आपल्याकडे. नागपूरच्या मे महिन्यात बोटं घामेजतात, म्हणून सुती फडकं जवळ असू द्या.

आणि सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडून तर्री-पोह्याला हात लावू नका. शिसं पोटात जाणं वाईट. मुलांना तर हे मी रोज सांगते.