घरातील तबकड्या, कॅसेट आणि सीडी : मांडणी, नोंद आणि जपणूक

हवे ते गाणे मोबाइलवर क्षणात लागत असताना तबकड्यांनी आणि कॅसेटींनी कपाट का अडवायचे, हा प्रश्न आता बहुतेक घरांत निघतो. मोबाइलवर गायकाचे नाव आणि राग मिळतो. पण तबल्याची साथ कोणाची, सारंगी कोणाची, ध्वनिमुद्रण कोणत्या साली झाले, हे तेथे क्वचितच दिसते आणि एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, वेष्टनामागे मात्र ते सहसा छापलेले असते. शिवाय हक्कांचे करार संपले की आज असलेले गाणे उद्या यादीतून नाहीसे होते. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला गायक अल्लादिया खाँसाहेब होते आणि जेथे १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब आजही गाणे जपतो आहे, तेथील जुन्या घरांतले असे संग्रह केवळ जागेच्या अडचणीपायी रद्दीत जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

कामाला सुरुवात करताना सगळा संग्रह खाली काढावा आणि आवडनिवड बाजूला ठेवून प्रथम केवळ प्रकाराप्रमाणे वेगळा करावा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या, ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या, ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी, कॅसेट आणि सीडी यांना एकाच फळीवर ठेवू नये, कारण प्रत्येकीची उंची, वजन आणि दुखणी वेगळी आहेत. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते. एलपी सहसा फुटत नाही, पण उन्हाने आणि दाबाने वाकते.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. आमच्याकडे वडिलांच्या एलपी कित्येक वर्षे पत्र्याखालच्या माळ्यावर, ट्रंकेत एकावर एक आडव्या होत्या. त्या बाहेर काढल्या तेव्हा तळाच्या सात-आठ तबकड्या ताटलीसारख्या खोलगट झालेल्या होत्या, आणि त्या पुन्हा कधीच सरळ वाजल्या नाहीत. उभ्या ठेवतानाही त्या कलंडू देऊ नयेत; दर वीस-पंचवीस तबकड्यांनंतर एक उभी फळी असावी. शंभर एलपींचे वजन वेष्टनांसह वीस-पंचवीस किलोंपर्यंत जाते, त्यामुळे पुस्तकांची पातळ फळी मधोमध झुकते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून लोखंडी अँगलचा, साडेतेरा इंच उंचीच्या खणांचा घोडा करून घेतल्यास तो आयुष्यभर टिकतो.

यानंतरचा प्रश्न क्रमाचा, आणि माझ्या मते या कामातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आडनावाच्या वर्णक्रमाने लावण्याची शिफारस सर्रास केली जाते, पण आपल्या संगीताला ती मानवत नाही. ‘खाँ’ हे आडनाव धरले तर अब्दुल करीम, फैयाज, बडे गुलाम अली आणि अमीर असे सगळे एकाच खणात येतात. शिवाय घरात कोणीही ‘जोशींची एलपी’ मागत नाही; ‘भीमसेन लाव’ असेच म्हणतो. म्हणून शास्त्रीय संगीत गायकाच्या पहिल्या नावाने लावावे आणि घरात ज्या नावाने मागणी होते तेच नाव खणावर लिहावे. भावगीतांत गायकाला प्राधान्य द्यावे. नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मिळतात आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या नाटकांतली पदे असू शकतात. तीही गायकाकडेच ठेवावी आणि नाटकाचा शोध वहीवर सोपवावा. एकाच वस्तूला दोन जागा देता येत नाहीत, पण वहीत तिची नोंद चार ठिकाणी करता येते.

ही वही म्हणजे संग्रहाचा कणा. प्रत्येक वस्तूला प्रकाराचे अक्षर आणि आकडा द्यावा, उदाहरणार्थ ‘त-१२’ किंवा ‘क-४१’. पुढे गायक, राग किंवा गाण्याचे शब्द, साथीदार, लेबलवरील क्रमांक, सध्याची अवस्था आणि ती वस्तू कोणाकडून आली, हे लिहावे. चिठ्ठी मूळ लेबलवर किंवा वेष्टनावर चिकटवू नये. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर लावावी. जुन्या कागदी पाकिटावर दुकानाचा शिक्का असेल तर ते पाकीट फाटले तरी टाकू नये, कारण ती तबकडी कोणत्या गावच्या दुकानातून आली, हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा नसतो.

कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत खरा शत्रू ओल आहे. पावसाची झड घेणाऱ्या बाह्य भिंतीला घोडा टेकवू नये. मागे चार बोटे जागा सोडावी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तेथे संग्रह वरच्या मजल्यावरच असावा. तबकडीवर बुरशी आली तर एलपी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसावी आणि लेबल भिजू देऊ नये. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. सीडी याउलट मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी आणि तिची छापील बाजू विशेष जपावी, कारण चकाकणारा थर त्या बाजूच्या अगदी लगत असतो.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर ती बुरशी समजावी आणि ती कॅसेट प्लेअरमध्ये घालू नये, नाहीतर हेडवरून ती इतर कॅसेटींना लागते. चांगल्या कॅसेटी वर्षातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवाव्यात आणि स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात.

संगणकावर उतरवून घेण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या एलपींपासून सुरुवात करू नये. घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटी सर्वांत आधी घ्याव्यात: गणपतीतली भजने, एखादी खासगी बैठक, आजीचे जात्यावरचे गाणे. वेव्ह (WAV) प्रकारची, म्हणजे आवाज न आकसता साठवणारी, फाइल करून तिला वहीतलाच क्रमांक द्यावा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. त्याच वेळी कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन्ही लहान खुंट्या मोडाव्यात, म्हणजे तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नाही. माझ्या आजीच्या ओव्यांच्या कॅसेटीच्या खुंट्या कोणी मोडल्या नव्हत्या; तिच्या एका बाजूवर नंतर रेडिओवरचे क्रिकेटचे समालोचन ध्वनिमुद्रित झाले. दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटे उरली आहेत, ओवीच्या मागे जात्याची घरघरही ऐकू येते, आणि वहीत ती ‘क-१’ आहे.