कृत्रिम पापण्या: आधी काढण्याची तयारी, मग लावण्याची

घरच्या घरी कृत्रिम पापण्या लावायच्या असतील, तर खरेदीत सर्वांत आधी त्या काढण्यासाठी लागणारा तेलयुक्त मेकअप रिमूव्हर आणि कॉटन पॅड घ्यावेत. पापण्यांची पट्टी आणि ग्लू त्यानंतर. आरसा, बारीक कात्री, चिमटा यांची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. रिमूव्हरची मात्र द्यावी लागते, कारण पट्टीच्या डबीत पुष्कळदा ग्लूची छोटी नळी असते पण रिमूव्हर नसतो, आणि रिसेप्शन आटोपून रात्री कार्यालयाच्या खोलीत परतल्यावर तो कुठून आणायचा, हे मागच्या लग्नात मलाही सुचले नव्हते. अशा वेळी पट्टी नुसती ओढली, तर तिच्याबरोबर आपल्या स्वतःच्या पापण्याही उपटून येतात आणि त्या पुन्हा नीट वाढायला कित्येक आठवडे जातात. नेलपॉलिश रिमूव्हर हा पर्याय नाही; तो डोळ्यांजवळ नेऊच नये.

ग्लूची चाचणी आदल्या दिवशी, कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून करावी. अनेक ग्लूंमध्ये लेटेक्स असते. ज्यांना फुगे किंवा रबरी हातमोजे सोसत नाहीत, त्यांनी लेटेक्सविरहित ग्लूच घ्यावा. नखांचा किंवा घरातला झटपट चिकटणारा ग्लू कदापि वापरू नये. लेन्स वापरत असाल, तर ती मेकअपच्या आधी घालावी. आणि रिमूव्हर बॅगेत ठेवला का, ते एकदा पाहावे.

पट्टी डोळ्यावर धरून मापावी. ती बहुधा लांबच असते, तेव्हा जास्तीचा भाग बाहेरच्या टोकाकडून कापावा, कारण आतल्या कोपऱ्यासाठीचे आखूड केस दुसऱ्या टोकाला असतात. मग ती ब्रशच्या दांड्याभोवती थोडा वेळ गुंडाळून ठेवावी, म्हणजे तिला पापणीचा बाक येतो. मस्कारा आधीच, आपल्या पापण्यांवर लावावा. ग्लूची अगदी पातळ रेघ ओढून अर्धा मिनिट थांबावे. इथेच सगळ्यांची घाई होते आणि ओल्या ग्लूवर पट्टी इकडेतिकडे सरकत राहते. ग्लू चिकट झाल्यावरच आरसा खाली ठेवून, नजर खाली वळवून, आधी मधला भाग, मग बाहेरचे टोक आणि शेवटी आतले टोक पापण्यांच्या मुळांलगत टेकवावे. पट्टी अश्रूंच्या कोपऱ्यापर्यंत नेऊ नये, टोचते. उकाडा कितीही असो, तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा.

नवीन माणसाने हे सारे ऐन मुहूर्ताच्या सकाळी प्रथमच करू नये. दोन-चार दिवस आधी घरी एकदा लावून आणि काढूनही पाहावे; काढून पाहताना रिमूव्हर घरात आहे की नाही, हे आपोआपच कळते.

काढताना हात धुवावेत, आधी लेन्स काढावी, रिमूव्हरने भिजवलेला पॅड मिटलेल्या डोळ्यावर अर्धा-एक मिनिट ठेवावा आणि पट्टी बाहेरच्या कोपऱ्याकडून हलकेच सोडवावी. येत नसेल, तर पुन्हा पॅड ठेवावा. चेहरा धुवावा. पापण्या लावून झोपू नये. डोळा लाल झाला, सुजला किंवा दुखत राहिला, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. पट्टीवरचा ग्लू चिमट्याने काढून ती डबीत ठेवावी आणि कोणालाही वापरायला देऊ नये, मग ती सख्खी बहीण का असेना.