लहान मुलाला घेऊन हॉटेलात जेवायला जाताय? या चुका टाळा

रविवारी रात्री साडेआठला हॉटेलच्या दारात नाव लिहून थांबायचं, इथूनच गडबड सुरू होते. एक ते तीन वर्षांची बरीच मुलं सात-साडेसातला जेवतात आणि नऊच्या सुमारास पेंगायला लागतात. नंबर लागायला अर्धा तास, ऑर्डर द्यायला दहा मिनिटं, ताट यायला वीस मिनिटं धरली तर पहिला घास साडेनऊला. तोवर भूक मरून नुसती किरकिर उरते आणि मग गुलाबजाम पुढे केला तरी मूल तोंड फिरवतं.

शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा. दुपारी बाराला किंवा संध्याकाळी सातला आत बसलेले असा. थाळीच्या ठिकाणी आधी फोन करून ‘थाळी नेमकी किती वाजता सुरू होते’ एवढं विचारून घ्या, कारण हॉटेल उघडं असलं तरी पोळ्या लाटायला उशिरा घेतात. उडुपी हॉटेलात ही अडचण कमी. इडलीचं पीठ आणि सांबार तयार असतं, त्यामुळे दहा मिनिटांत काहीतरी ताटात पडतं.

दुसरी चूक याच्या उलट: ‘तिथे नीट जेवेल’ म्हणून घरून उपाशी नेणं. निघण्याआधी अर्धं केळं किंवा चार घास वरणभात पोटात असू द्या. हॉटेलातलं जेवण मुलासाठी चव घेण्यापुरतंच समजा. एक इडली किंवा अर्धा फुलका आणि अर्धी वाटी वरण गेलं तरी पुष्कळ झालं.

‘जरा कमी तिखट करा’ म्हणून का भागत नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पंजाबी भाज्या देणाऱ्या हॉटेलांत लाल, पिवळी आणि पांढरी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यांत शिजवून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातली पळीभर कढईत घ्यायची, पनीर किंवा भाजी टाकायची आणि वरून मसाला मारायचा. तिखट आणि मीठ मूळ ग्रेव्हीतच असल्यामुळे आचारी ते काढू शकत नाही. फार तर तो क्रीम आणि साखर घालून जिभेवरचा झटका कमी करतो. तिखट तेवढंच राहतं.

म्हणून जे ऑर्डरीनंतर बनतं किंवा ज्याची फोडणी शेवटी पडते, ते मागवा. डाळ हळद-मीठ घालून शिजवून ठेवलेली असते आणि तडका ऐन वेळी देतात. तेव्हा वेटरला ‘डाळ फ्राय कमी तिखट’ न म्हणता असं सांगा: ‘दादा, बाळासाठी एक वाटी फोडणी न दिलेली डाळ हवी, त्यात पाणी घालून जरा पातळ करा, सोबत साधा भात आणि तूप.’ खानावळीत ‘बिनफोडणीचं वरण’ म्हटलं की लगेच कळतं. ऑम्लेट मिरची-कांदा न घालता मिळतं. साधा डोसा चटणी न लावता मिळतो. दहीभात मागवणार असाल तर फोडणी वेगळी सांगा, त्यात मिरचीचे तुकडे असतात. मुलाचं आधी आणि मोठ्यांचं नंतर आणायला सांगा, नाहीतर सगळं एकदमच टेबलावर येतं.

उपमा, पोहे आणि साबुदाणा खिचडी ही ‘मुलांची’ म्हणून मागवली जातात, पण तिन्हींत सगळं एकत्रच शिजतं. मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे किंवा काजू आतच असतात आणि ते निवडताना घास गार होतो, मूल कंटाळतं. त्यापेक्षा इडली बरी.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. कोल्हापुरी पांढरा रस्सा दिसायला दुधासारखा असतो, पण त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची आणि मिरी असते. सोलकढीतही बहुतेक ठिकाणी मिरची-लसूण वाटून घालतात. आधी स्वतः घोट घ्या, दहा सेकंद थांबा आणि मगच मुलाला द्या. मिरीचा तिखटपणा जरा मागून येतो.

ॲलर्जी असेल तर ‘शेंगदाणे नकोत’ हे वाक्य अपुरं आहे. आपल्याकडे दाण्याचा कूट कोशिंबिरीत, उसळीत, भरल्या वांग्यात दिसेनासा झालेला असतो. काजूची पेस्ट पांढऱ्या ग्रेव्हीत असते. ‘कूटही नको, काजू पेस्टही नको, तळण्याचं तेल कुठलं?’ असं फोड करून विचारा. कोळंबी, खेकडा, अंडं, शेंगदाणे यांची पहिली चव हॉटेलात देऊ नका. ती घरी, दिवसाच्या वेळी, थोडीशी द्यावी, म्हणजे पुरळ किंवा सूज आली तर कशामुळे ते कळतं.

गरम पदार्थ फसवतात

स्वीट कॉर्न सूप हा नेहमीचा सापळा. कॉर्नफ्लोअरमुळे ते दाट असतं आणि दाट सूप उष्णता धरून ठेवतं. वरचा थर कोमट लागला तरी खाली ते चटका देण्याइतकं गरम असतं. चमच्यावर फुंकर मारून वेळ घालवू नका. पसरट ताटलीत दोन पळ्या ओता आणि चमच्याने पसरवा, तीन-चार मिनिटांत निवतं. बटाटेवड्याचंही तसंच. बाहेरचं आवरण निवतं आणि आतला बटाटा पोळतो, म्हणून वडा आधी मधोमध फोडून ठेवा. फुगलेल्या पुरीतली वाफ बोटांना लागते, ती मोठ्यांनी फोडावी.

डोसा देताना कडेचा कुरकुरीत भाग देऊ नका. त्याची धारदार कपची टाळूला टोचते आणि मूल पुढचा घास घेत नाही. मधला मऊ भाग बोटभर लांबीच्या पट्ट्यांत फाडा. स्पंज डोसा मिळत असेल तर तोच मागवा. इडली कोरडी घशाला चिकटते, म्हणून तूप किंवा दह्यात कालवून मऊ करा.

टेबलाच्या कडेला चहाचा कप किंवा सांबाराची वाटी असेल तर मुलाचा हात तिथे पोचणारच. बसल्याबसल्या पहिलं काम म्हणजे मुलासमोरची हातभर जागा रिकामी करणं: टूथपिकचा डबा, सॉसची बाटली, काट्याचमच्यांचा संच पलीकडे. वेटरला वाढायचं ते मुलाच्या डोक्यावरून नको, दुसऱ्या बाजूने वाढायला सांगा. वाटेकडेची खुर्ची टाळा, भिंतीकडचा कोपरा घ्या. बेबी चेअर मिळाली तर आधी ती हलवून बघा आणि पट्टा तुटका असेल तर परत करा. पाय टेबलावर टेकवून जोर दिला की खुर्ची मागे कलंडते, म्हणून ती टेबलापासून थोडी दूर ठेवा.

भाजलंच तर लगेच बेसिनवर नेऊन नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. चेहरा भाजला किंवा भाजलेला भाग मुलाच्या तळहाताहून मोठा असेल तर थेट डॉक्टरकडे.

घशात अडकणं

चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराची चकती नकोच. द्राक्ष उभं चार भागांत कापायचं, आडवं नाही. आडवी चकती गोलच राहते आणि श्वासनलिकेत बुचासारखी बसते. गुलाबजाम गोल आणि चिकट असतो, म्हणून त्याचेही तुकडे करा. मासे खाणार असाल तर मांदेलीपेक्षा पापलेट बरं. मसाल्याचं आवरण काढा आणि आतलं मांस बोटांच्या चिमटीत चुरडून काटा लागतो का ते पाहा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं.

ठसका आणि घास अडकणं यात फरक ओळखा. मूल जोरात खोकत असेल, आवाज येत असेल, तर खोकू द्या. घाईने पाणी पाजू नका, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, त्याने घास आणखी आत जातो. आवाज बंद झाला, खोकता येईना, ओठ निळसर पडू लागले तर लगेच हालचाल करा. एक वर्षापुढच्या मुलाला पुढे झुकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा मारा. तरी न निघाल्यास मागे गुडघ्यांवर बसा, बेंबी आणि बरगड्यांच्या मधे मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. घास निघेपर्यंत आलटून पालटून हेच करायचं. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला १०८ फिरवायला सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. पोटावर झटके दिले असतील तर घास निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवा. हे आधी एकदा प्रशिक्षणात शिकून घ्या. वेळ आली की वाचायला फुरसत नसते.

मूल बसेना झालं तर

जेवण यायला वेळ आहे आणि किरकिर सुरू झाली, की मोबाइल पुढे केला जातो. नजर पडद्यावर राहते, घास कसा चावला याकडे लक्ष राहत नाही, आणि पुढच्या वेळी तो मोबाइल आधीच मागितला जातो. एका मोठ्याने मुलाला उचलून बाहेर चक्कर मारावी, दुसऱ्याने टेबल सांभाळावं. ताट आलं की फोन करा. पिशवीत स्टीलची छोटी वाटी-चमचा, घरचं पाणी, ओलं फडकं, जादा कपड्यांचा जोड आणि अंथरायला एक चटई असली की बाकी फारसं लागत नाही. बऱ्याच हॉटेलांत डायपर बदलायला जागा नसते, म्हणून निघताना बदलूनच निघा.

खाली सांडलेला भात उठण्याआधी कागदाने गोळा करून ताटात टाका. फरशीवरचा भात तुडवला गेला की पुसणाऱ्याला दुप्पट काम पडतं.

आणि बिलाबरोबर बडीशेपेची वाटी येते तेव्हा सगळे निवांत झालेले असतात. त्यातल्या रंगीत साखरेच्या गोळ्या, धणाडाळ, काही ठिकाणी सुपारीचे तुकडे मूल मूठभर उचलतं. वाटी मुलाच्या हाताला लागण्याआधी परत द्या.