नर्सिंगचा अभ्यास आणि व्हॉट्सॲप: हॉस्टेलमधील संध्याकाळ कशी वाचवावी

लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईच्या हॉस्टेलमध्ये राहून नर्सिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘व्हॉट्सॲप काढून टाक’ असे सांगण्यात अर्थ नाही; कारण ड्युटीची यादी, बदललेली पोस्टिंग, सेशनल परीक्षेची तारीख आणि मॅडमची सूचना हे सारे आता तेथेच येते. म्हणून पुढे सांगितलेली पद्धत ॲप सोडण्याची नसून, कामाचे निरोप आणि गप्पा यांची फारकत करण्याची आहे.

बी.एस्सी. नर्सिंगला लेखी विषयांत आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के उपस्थिती लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी क्लिनिकलचे (रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे) तास तर १०० टक्के भरून द्यावे लागतात. वॉर्ड आणि वर्ग यांत दिवस गेल्यावर स्वतःच्या अभ्यासाला उरतात ते संध्याकाळचे दोन-तीन तास, आणि ग्रुपवर गर्दी होते तीही नेमकी तेव्हाच. गावाकडची मंडळी शेतातून परतलेली असतात, जुन्या शाळेचा ग्रुप जागा होतो, आणि शेजारच्या खोलीतली मैत्रीणसुद्धा दार न ठोठावता मेसेज करते.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, फक्त मोजा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ या ठिकाणी कोणत्या ॲपवर किती वेळ गेला आणि दिवसभरात किती नोटिफिकेशन आली, हे दिसते. त्याखेरीज वहीच्या मागच्या पानावर, प्रत्येक वेळी फोन उचलला तेव्हा हातात कोणते काम होते, एवढे दोन शब्दांत लिहा. याच आठवड्यात एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि गुण लिहून ठेवा. वहीचे ते पान मला फोनमधील आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते, कारण एकूण तास कमी असूनही अभ्यासाचे तुकडे झालेले असू शकतात.

तुकडे झाल्याने काय बिघडते, हे सलाईनच्या हिशेबावरून कळेल. १००० मिली द्रव ८ तासांत द्यायचा आहे आणि सेटचा ड्रॉप फॅक्टर, म्हणजे एका मिलीत पडणारे थेंब, २० आहे. तर १००० गुणिले २० भागिले ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हे मांडत असताना मधेच मेसेज पाहून परतलेली विद्यार्थिनी मायक्रोड्रिप (बारीक थेंबांच्या) सेटचा ६० हा आकडा धरते आणि उत्तर १२५ येते. सूत्र तिला पाठ असते. निसटलेला असतो तो गणिताचा धागा. शरीरक्रियाशास्त्र किंवा औषधशास्त्र वाचतानाही असेच घडते, फक्त तेथे चूक इतकी उघडी पडत नाही.

फोन नुसता उलटा ठेवून भागेल का? अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा बौद्धिक चाचण्या चांगल्या सोडवल्या. पुढच्या सर्वच प्रयोगांत हा फरक तितका स्पष्ट आढळला नाही, तरीही फोन कपाटात ठेवायला खर्च काहीच येत नसल्याने तो ठेवावा, असे मी सांगेन. गजरासाठी साधे घड्याळ घ्या, म्हणजे ‘गजर लावायचा होता’ या निमित्ताने रात्री अकराला फोन उशाशी येणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात ग्रुपकडे वळा. सी.आर.ने (वर्गप्रतिनिधीने) मॅडमशी बोलून सूचनांसाठी एक स्वतंत्र ग्रुप करावा आणि त्यात फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील अशी सेटिंग ठेवावी. तेथे ‘ओके मॅडम’ची चाळीस उत्तरे येणार नाहीत आणि सूचना त्यांच्याखाली दबणार नाही. या ग्रुपचा आवाज चालू ठेवा. बाकीचे ग्रुप ‘नेहमीसाठी’ म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. ते पाहण्याच्या दोन वेळा ठरवा: एक जेवणानंतर, दुसरी अभ्यास संपल्यावर. घरच्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की तातडीचे असेल तर मेसेज न करता फोन करावा. आईशी रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे बोलणे झाले, तर ‘जेवलीस का’पासून सुरू होऊन तासभर रेंगाळणारे चॅटिंग आपोआप कमी होते.

वॉर्डमध्ये फोन लॉकरमध्येच असावा. जखमेचा, केसपेपरचा किंवा रुग्णाचा फोटो अभ्यासासाठी म्हणूनही ग्रुपवर टाकू नये. केस स्टडीसाठी लागणारी माहिती नाव वगळून वहीत उतरवावी.

नोट्सच्या पीडीएफबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. परीक्षेच्या आधी ‘आय.एम.पी.’ म्हणून आलेल्या फाइली साठवल्याने अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, पण त्या उघडल्याच जात नाहीत. विषयाला एकच फाइल ठेवा, ती वाचून मिटा आणि आठवेल तेवढे कागदावर लिहा. जे आठवले नाही, तोच उद्याचा अभ्यास.

चार आठवड्यांनी पुन्हा मोजा, पण फोनवरचे तास हीच कसोटी मानू नका. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा आणि पहिल्या आठवड्यातील गुणांशी ताडून पाहा. फोन जास्त वापरणारा अभ्यासात मागे पडतो, तसाच मागे पडलेला विद्यार्थीही फोनकडे पळतो; यातले आधी काय घडले, हे बाहेरून सांगता येत नाही. फोन कमी होऊनही गुण जागच्या जागी राहिले, तर मागच्या पानावरील नोंदी पुन्हा वाचा. आपल्याकडे बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलामुलींच्या त्या पानावर बहुधा एकच गोष्ट वारंवार दिसते: इंग्रजी पुस्तकातील परिच्छेद कळला नाही आणि हात फोनकडे गेला. अशा वेळी ट्यूटरकडे ते पान घेऊन जा, अडलेल्या शब्दांची वेगळी वही करा आणि रोज दहा शब्द मराठी अर्थासह त्यात उतरवा.