‘प्रयत्न स्तुत्य आहे’ हे वाक्य आधी खोडा

स्वतःच्या खिशातले पैसे घालून छापलेल्या कॉमिक्सवर मराठीत जे थोडंफार लिहून येतं, त्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘तरुण चित्रकाराचा हा प्रयत्न स्तुत्य आहे.’ ज्याने ते पुस्तक काढलंय त्याला याचा अर्थ बरोबर कळतो. परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तक आवडलेलं नाही, किंवा त्याने ते धड वाचलेलं नाही. मी गेली काही वर्षं अशा पुस्तिकांवर लिहिते. काही मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेत, टेबलामागे बसलेल्या चित्रकारांकडून विकत घेतलेल्या, काही कुरिअरने आलेल्या. नव्याने लिहायला बसणाऱ्यांना मी एवढंच सांगते की कौतुकाची खिरापत वाटू नका, पान वाचा.

बहुतेक नवी परीक्षणं कथानक सांगण्यातच संपतात. शेवटी जागा उरली तर ‘चित्रंही सुंदर आहेत’. मी पुस्तिका एकदा सरळ वाचते. मग शब्द न वाचता नुसती चित्रं बघत जाते. कोण कुठे उभं आहे, खोलीचं दार कुठल्या बाजूला होतं, दोन चौकटींमध्ये किती वेळ गेला, हे बोलण्यावाचून कळतंय का? त्यानंतर उलट, फक्त संवादांच्या फुग्यांतला मजकूर. तो एकटाच सगळी गोष्ट सांगून टाकत असेल तर चित्रकाराने पुष्कळ मेहनत वाया घालवली आहे, आणि हे परीक्षणात यायला हवं. उजव्या हाताच्या पानावरची शेवटची चौकटही आवर्जून बघा. वाचकाने पान का उलटावं, याचं उत्तर तिथे असतं. मोठा धक्का पान उलटल्यावर न देता समोरासमोरच्या पानावर ठेवला, तर डोळा आधीच तिकडे पळतो आणि मधल्या सगळ्या चौकटी फुकट जातात.

कॉमिक्स काढणाऱ्या आणि कॉमिक्सवर लिहिणाऱ्या अमेरिकेच्या स्कॉट मॅक्लाउडने १९९३ साली एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार मांडले. क्षणाक्षणाने पुढे सरकणं, कृतीमागून कृती, एका माणसावरून वा वस्तूवरून दुसऱ्या माणसावर वा वस्तूवर, एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात, एकाच जागेच्या वेगवेगळ्या बाजू, आणि काहीच संबंध नसलेल्या चौकटी. सुरुवातीला पेन्सिलने समासात प्रत्येक उडीचा प्रकार लिहून बघा. आठ पानं सलग कृतीमागून कृतीच चालली आहे असं दिसलं, की पुस्तक दमवणारं का वाटलं हे आपोआप सापडतं. ही परिभाषा मात्र समासातच राहू द्या, परीक्षणात तिचं काम नाही.

आता पैशाची बाजू. पुस्तकातला कुठला निर्णय खिशाने घेतला आणि कुठला हाताने, हे वेगळं करता आलं पाहिजे. १९८४ साली केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या अमेरिकन चित्रकारांनी निन्जा कासवांचा (‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’चा) पहिला अंक स्वतः छापला, तो कराच्या परताव्याचे पैसे आणि नातेवाइकाकडून घेतलेली उसनवारी घालून. प्रती तीन हजारांच्या आसपास, आतली पानं कृष्णधवल. रंग परवडत नव्हते, पण करड्या छटांनी त्यांनी रात्रीच्या शहराला जो जडपणा आणला, तो त्यांच्या हाताचा. ‘रंग असते तर बरं झालं असतं’ हे तिथे लिहिणं बिनकामाचं. ज्यांना या गोष्टीवर डोळा तयार करायचाय त्यांनी अमेरिकन चित्रकार जेफ स्मिथचं ‘बोन’ हे कॉमिक बघावं. १९९१ पासून त्याने ते स्वतःच कृष्णधवल छापलं, पुढे त्याच्या रंगीत आवृत्त्या निघाल्या. एकच पान दोन्हींत शेजारी ठेवा आणि तुमची नजर आधी कुठे जाते ते पाहा.

छपाईचा एक हिशोब प्रत्येक परीक्षकाला ठाऊक असावा. सेंटर पिनची, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेली, पुस्तिका चारच्या पटीतच बसते: २०, २४, २८. चित्रकाराची गोष्ट २२ पानांत संपली तर दोन पानं भरायची, २५ वर गेली तर एक पान कापायचं किंवा तीन वाढवायची. ‘शेवट घाईत उरकला’ असं वाटलं की आधी पानं मोजा. शेवट घाईचा आहे हे तरीही लिहायचंच. पण सुरुवातीच्या कुठल्या दोन पानांत पाणी घातलंय हे दाखवता आलं, तर निर्मात्याला पुढच्या वेळी उपयोग होतो. तसंच रात्रीच्या प्रसंगांचं. स्क्रीनवर निळाशार दिसणारा अंधार कागदावर पुष्कळदा काळपट चिखल होतो. त्यामुळे पुस्तक छापील असेल तर पीडीएफवरून परीक्षण लिहू नका.

सगळ्यात कमी लिहिलं जातं ते अक्षरांवर, आणि मराठी कॉमिक्स सगळ्यात जास्त मार खातात ते तिथेच. इंग्रजी फुग्यात सगळी कॅपिटल अक्षरं एका उंचीची असतात, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते, म्हणजे फुगा मोठा लागतो. चित्र आधी पूर्ण करून फुगे नंतर ठेवणाऱ्याच्या पुस्तकात हमखास कुणाच्या तरी कपाळावर संवाद चढलेला दिसतो. त्यात डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केली नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ बघा, पुष्कळ फॉन्ट तिथेच उघडे पडतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत की हिंदी वळणाचे, तेही बघा. हे किरकोळ वाटेल, पण कोल्हापूरच्या आजीच्या तोंडी हिंदी जाहिरातीतलं अक्षर आलं की वाचक क्षणभर बाहेर फेकला जातो. आणि आवाज! धाडकन, खळ्ळकन, सण्णकन अशी कोठारं भरलेली भाषा असताना स्फोटावर ‘बूम’ लिहिणाऱ्याला मी माफ करत नाही.

लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर श्रेय नीट वाटून द्या. क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात कारकुनी करणाऱ्या हार्वी पीकरने १९७६ पासून स्वतःच्या रोजच्या जगण्यावर कॉमिक्स काढली. त्याला चित्र काढता येत नव्हतं. काडीच्या माणसांचे आराखडे करून तो रॉबर्ट क्रम्बसारख्या चित्रकारांना द्यायचा. अशा पुस्तकात चौकटींची लय कुणाची, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘लेखकाने छान टिपलंय’ असं लिहिता येत नाही. विचारायला लाजू नका. एक मेल टाकला की लोक भरभरून सांगतात.

परीक्षणात पुस्तकाची नोंद पक्की ठेवा: आकार, पानं, किंमत, रंगीत की कृष्णधवल, कुठे मिळेल. अशी पुस्तकं बघता बघता नाहीशी होतात. नर्मदेच्या खोऱ्यातल्या धरणविरोधी लढ्यावरचं ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरण संस्थेने काढलं. नंतर ते वर्षानुवर्षं बाजारात नव्हतं, चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने २०२२ मध्ये ते पुन्हा छापलं. मधल्या काळात ज्याच्या हाती प्रत नव्हती, त्याला कुणीतरी लिहून ठेवलेल्यावरच भागवावं लागलं.

मैत्रीचं काय करायचं, हे सगळेच विचारतात. हे जग लहान आहे. दोन जत्रांनंतर तुम्ही अर्ध्या टेबलांना नावाने ओळखायला लागता. मी शक्यतो प्रत विकत घेते. भेट मिळाली असेल तर तसं लिहिते. छापण्याआधी परीक्षण निर्मात्याला दाखवत नाही. अगदी जवळच्या माणसाच्या पुस्तकावर लिहीत नाही. एखाद्या विद्यार्थ्याची पहिलीच पुस्तिका सपशेल फसलेली असेल तर गप्प बसणंही चालतं. मात्र लिहायचं ठरवलं तर पान क्रमांकासह लिहा. ‘संवाद कृत्रिम वाटतात’ यावर भांडण होतं, ‘पान ११ वरचा भाऊ बहिणीशी वर्तमानपत्रासारखा बोलतो’ यावर विचार होतो.

कमाईची आशा धरू नका. दिवाळी अंकांचे काही संपादक मनापासून लेख मागतात, मानधन देतातही, पण घरभाडं त्यातून निघत नाही. मराठीत चित्रांकडे कसं बघावं हे ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांत वसंत सरवटे आधी वाचा. त्यांचा विषय व्यंगचित्र, पण रेषेबद्दल विशेषणं न उधळता कसं बोलायचं हे तिथे शिकता येतं.

सुरुवात अख्ख्या पुस्तकापासून नको. आवडलेलं एकच पान घ्या आणि त्यावर तीनशे शब्द लिहा, कथानक न सांगता. लेखासोबत पानाचा फोटो द्यायचा असेल तर परवानगी घ्या आणि पूर्ण पान दाखवा. कापलेल्या चौकटीवरून मांडणी कुणालाच कळत नाही. शेवटचं पान मात्र देऊ नका.