हेर्लेनला घेतलेला फूड प्रोसेसर आखेनमध्ये बिघडला, तेव्हा

वड्याची डाळ वाटताना आधी कर्रकर्र आवाज आला, मग जळका वास. बेअरिंग गेलं. घेऊन दोन वर्षं चार महिने झाले होते. शेजारीण म्हणाली, "दोन वर्षं उलटली ना, मग विसर आता." इथे जर्मनीत, आखेनमध्ये घेतला असता तर विसरलेही असते. पण तो मी घेतला होता हेर्लेनला, ट्रेनने अर्ध्या तासावर, नेदरलँड्समध्ये. मेख तिथेच आहे.

युरोपात सगळीकडे एकच कायदा, असं आपल्यातले बरेच जण धरून चालतात. युरोपियन कमिशनने २०११ साली विक्रीचा एक सामाईक, ऐच्छिक कायदा मांडला होता खरा, पण तो बारगळला. त्याऐवजी युरोपियन युनियनचा २०१९ चा निर्देश (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम) आला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार वस्तूतल्या दोषाची जबाबदारी किमान दोन वर्षं विक्रेत्याची. निदान पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो मुळातलाच धरतात. तसं नाही हे दुकानदाराने दाखवायचं. इतपत सारखं. मुदत वाढवायची मुभा मात्र प्रत्येक देशाला आहे. जर्मनी दोन वर्षांवर थांबली, स्पेन आणि स्वीडनने तीन केली, आणि डच कायद्यात ठरावीक आकडाच नाही: तशी वस्तू, त्या किमतीत, जितकी टिकावी अशी रास्त अपेक्षा, तितके दिवस. ३८९ युरोंचा फूड प्रोसेसर सव्वादोन वर्षांत मरावा, अशी अपेक्षा कुणाची असते?

म्हणून पहिला प्रश्न, कायदा कुठला? तुम्ही स्वतः सीमा ओलांडून दुकानात गेलात आणि ते दुकान जर्मन गिऱ्हाइकांच्या मागे नव्हतं, तर विक्रेत्याच्या देशाचा. माझ्या दुकानाची पाटी, वेबसाइट, पत्रकं सगळी डचमध्ये होती. तेच दुकान जर्मन वेबसाइट चालवून जर्मनीत माल पोचवत असेल, तर चित्र उलटं: अटींमध्ये दुसरा कायदा लिहिला असला तरी तुमच्या देशाच्या कायद्याचं संरक्षण काढून घेता येत नाही.

मग लिहायला बसा, आणि दुकानालाच लिहा. कंपनीकडे जा म्हणतील, जाऊ नका. वॉरंटी कार्ड ही कंपनीची मर्जी. कायद्याची जबाबदारी ज्याने पैसे घेतले त्याची. दोष कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत कळवलं तर डच कायद्यात ते वेळेत धरतात. फोनवर बोलणं झालं तरी मेल टाकाच. कधी घेतलं, काय झालं, कधी लक्षात आलं आणि "दुरुस्त करून द्या", एवढं पुरे. पहिलं वर्ष संपल्यावर पुराव्याचं ओझं आपल्यावर येतं, म्हणून मी इथल्या दुरुस्तीवाल्याकडून एक ओळ लिहून घेतली: बेअरिंग झिजलंय, आत पाणी गेलेलं नाही. पावतीवरची अक्षरं उडून कोरा कागद उरला होता. बँकेच्या स्टेटमेंटवर भागलं.

ऑनलाइन घेतलं असेल तर माल हाती आल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो, हे सगळ्या सदस्य देशांत एकसारखं आहे. मापाने शिवून घेतलेले पडदे वगैरे सोडून.

दुकान दाद देत नसेल तर जर्मनीत राहणाऱ्यांसाठी केल गावात युरोपियन ग्राहक केंद्र आहे. सीमेपलीकडच्या विक्रेत्याशी ते मध्यस्थी करतं, फुकट. त्यापुढे ५,००० युरोंपर्यंतच्या दाव्यासाठी युरोपियन लघुदावा प्रक्रिया आहे. ठरलेला फॉर्म भरायचा, वकील सक्तीचा नाही. डेन्मार्क तेवढा त्यात नाही.

मला तिथवर जावं लागलं नाही. पहिल्या मेलला उत्तर आलं, "गॅरंटी संपली आहे." दुसऱ्या मेलमध्ये मी वेगळं काही लिहिलं नाही, फक्त वॉरंटी मागत नसून कायद्याने मिळतं तेच मागतेय, हे सांगितलं. तीन दिवसांनी दोन शब्द आले: घेऊन या. तीन आठवड्यांनी यंत्र परत मिळालं, नवं बेअरिंग घालून. कणीक मळायचं पातं मात्र त्यांच्याकडेच राहिलंय. त्यासाठी काल तिसरा मेल टाकला.