देवराईतल्या पानांचा अंदाज उपग्रहावरून कसा घ्यायचा

संगमेश्वर-देवरुख भागातल्या देवरायांमध्ये मी पानांची मोजमापं करते. नवीन मुलं आली की तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. लॅपटॉप शेवटी उघडायचा, आधी झाडाखाली जायचं.

उपग्रहाला सुटं पान दिसत नाही. झाडांच्या माथ्यावरून परत आलेला प्रकाश तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. त्यात पानांचे थर किती, सावली किती, मधून जमीन किती दिसते हे सगळं मिसळलेलं असतं. नेहमीचा एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा, दाट रानात वर जाऊन अडकतो. पावसाळा संपता संपता देवराई आणि शेजारचं ऐन-किंजळीचं रान त्यात जवळपास सारखंच हिरवं दिसतं. प्रत्यक्षात देवराईतलं अंजनीचं किंवा सुरंगीचं पान जाड, चिवट आणि टिकाऊ, तर ऐनाचं पान उन्हाळ्यात गळून जाणारं. हा फरक पकडायचा तर तीन मापं हवीत: हरितद्रव्य, पाणी आणि पानाच्या दर चौरस मीटरमागचं कोरडं वजन.

आधी तारीख ठरवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी येते, पण जून ते सप्टेंबर ढगांमुळे हाती फारसं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, तरीही मी ते महिने टाळते. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, तेव्हा सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो. आपण सह्याद्रीच्या पश्चिमेला, त्यामुळे कडेकपारीचे उतार सावलीत राहतात आणि सावलीतलं रान आकड्यांत भलतंच दिसतं. फेब्रुवारी-मार्चात ऐन-किंजळ झडायला लागतात आणि कोशिंबाला लालभडक पालवी फुटते. त्या लाल रंगद्रव्यामुळे हरितद्रव्याचा अंदाज चुकतो. उरला ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर: पानं पक्की झालेली असतात आणि धूळ बसलेली नसते. पानं तोडण्याचा दिवस आणि चित्राचा दिवस यांत आठवड्याहून जास्त अंतर पडू देऊ नका.

मग जागा. उपग्रह प्रकाश वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत (बँडमध्ये) मोजतो. आपल्याला लागणाऱ्या पट्ट्यांचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. मोबाइलचं जीपीएस दाट झाडीत पाच-दहा मीटर सहज सरकतं, म्हणून एकाच पिक्सेलवर भिस्त ठेवू नका. तीन बाय तीन पिक्सेल, म्हणजे ३६ गुंठे सलग एकाच प्रकारचं रान असेल तिथेच प्लॉट घ्या. एकराची देवराई याला जेमतेम पुरते, आणि तिच्या कडेचे पिक्सेल भातशेतीत मिसळतात. लहान देवराया खूप मोलाच्या आहेत, पण या पद्धतीने त्या मोजू नका.

देवराईत शिरण्याआधी गावकऱ्यांना आणि गुरवांना विचारा. काही ठिकाणी वाळलेली काटकीही उचलत नाहीत. देवाला कौल लावून मग सांगतो म्हणाले, तर थांबा. नाही म्हणाले, तर दुसरं रान शोधा.

पान माथ्यावरचं, उन्हातलं, पूर्ण वाढलेलं हवं. हाताला लागणारं खालचं पान सावलीतलं असतं. ते पातळ असतं आणि उपग्रहाला दिसतही नाही. लांब बांबूला कोयती बांधून किंवा झाडावर चढणाऱ्या माणसाकडून उन्हातली डहाळी काढा. देठ ठेवायचा की काढायचा हे एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच करा. कोशिंबासारख्या संयुक्त पानाच्या पर्णिका मोजा. पानं ओल्या कागदात गुंडाळून थंड डब्यात ठेवा. त्याच दिवशी ओलं वजन करून साध्या स्कॅनरवर स्कॅन करा. क्षेत्रफळ इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर काढून देतं.

मग ७० अंशांवर ओव्हनमध्ये ४८ ते ७२ तास. इथे किनाऱ्याची हवा घात करते. ओव्हनमधून काढलेलं पान दमट हवेतली ओल लगेच ओढून घेतं आणि काट्यावर बघता बघता जड होतं. म्हणून पानं थेट सिलिका जेलच्या बंद डब्यात टाका, गार होऊ द्या आणि एकेक काढून तोला. ६० चौरस सेंटीमीटरचं पान ०.६ ग्रॅम भरलं, तर माप आलं १०० ग्रॅम दर चौरस मीटर. प्लॉटची सरासरी काढताना प्रत्येक जातीच्या मापाला माथ्यावर तिने व्यापलेल्या जागेच्या प्रमाणात महत्त्व द्या. झाडांची नुसती संख्या मोजून चालत नाही.

आता चित्र. सेंटिनेलचं लेव्हल-२ए, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेलं चित्र घ्या. जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रियेच्या चित्रांतल्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात, ते वजा केल्याशिवाय जुन्या-नव्या वर्षांची तुलना करू नका. गुगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेमधला ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह हे काम करूनच देतो. हरितद्रव्यासाठी बँड ७ ला बँड ५ ने भागून एक वजा करा. पाण्यासाठी बँड ८ए आणि ११ यांची वजाबाकी त्यांच्या बेरजेने भागा. दोन्ही आकडे अख्ख्या माथ्याचे आहेत. पानापर्यंत यायचं तर पानांच्या थरांचा अंदाजही लागतो. तो स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मिळतो.

कोरडं वजन सगळ्यात अवघड. त्याच्या खुणा प्रकाशाच्या १७०० ते २३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या टापूत असतात आणि ताज्या पानातलं पाणी त्या झाकून टाकतं. सेंटिनेलचे मोजके पट्टे इथे तोकडे पडतात. जुलै २०२२ मध्ये अंतराळ स्थानकाकडे पाठवलेलं नासाचं एमिट हे उपकरण २८५ पट्टे देतं. त्याचा पिक्सेल ६० मीटरचा, म्हणजे आपला अख्खा ३६ गुंठ्यांचा प्लॉट. त्याचं स्वच्छ चित्र मिळालं तर सोडू नका.

पडताळणीत अख्खी एक देवराई बाजूला ठेवा, बाकीच्यांवर उपग्रहाचे आकडे आणि पानांची मापं जोडणारं समीकरण बसवा आणि मग त्यावरून तिचा अंदाज घ्या. एकाच देवराईतले प्लॉट दोन्हीकडे वाटले तर निकाल खोटा चांगला येतो. काजू आणि हापूसच्या बागा नकाशातून आधीच कापून टाका, कारण समीकरण रानाच्या पानांवर बसवलेलं आहे. आपल्याकडचं बरंचसं रान खाजगी आणि अधूनमधून तुटणारं, त्यामुळे बागांची आणि तोडीची ही हद्द दर हंगामात नव्याने आखावी लागते.